हायलक्सची वही: ४१,६०० किलोमीटरपर्यंत

आमच्याकडे 'पिकअप' म्हटलं की एकच गाडी डोळ्यांसमोर येते. महिंद्राची बोलेरो पिकअप, मागे केळीचे घड रचलेले, त्यावर केळीचीच पानं, आणि पानांवर दोघं जण निवांत पहुडलेले. त्यामुळे २०२३ च्या दिवाळीत मी टोयोटाची हायलक्स पिकअप घरी आणली तेव्हा आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्यात पहिला प्रश्न इंजिनाचा आला नाही. शेजारच्या नानांनी मागचा फाळका खाली पाडला, वितीने हौद्याचं माप घेतलं आणि विचारलं, "यामा कितला घड बसतस रे भो?"

मी सांगितलं, ही गाडी त्यासाठी नाही. "मंग कसासाठे शे?"

त्याचं उत्तर द्यायला ही वही सुरू केली. ज्यांना हायलक्स घ्यायची आहे, किंवा जे माझ्यासारखे उगाचच फोर बाय फोरच्या, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद देणाऱ्या गाड्यांच्या, नादी लागलेत, त्यांच्यासाठी आजवरच्या नोंदी एकत्र करून लिहितोय.

१४,२०० किमी. गाडी घरी

२०२२ ची, नाशिकच्या पहिल्या मालकाकडून. २.८ लिटर डिझेल, सहा गिअरची मॅन्युअल, २०४ पीएस, ४२० न्यूटन-मीटर. ऑटोमॅटिकला ५०० मिळतात, तरी मला क्लच पायाखाली हवा होता. लांबी ५,३२५ मिलिमीटर. हा आकडा घेण्याआधी वाचला होता, पण तो कळला आमच्या गल्लीत वळताना. फॉर्च्युनर जिथे एका दमात वळते तिथे ही दोनदा मागेपुढे करते, आणि तेवढ्यात मागे चार मोटारसायकली हॉर्न वाजवत उभ्या राहतात.

आता कीर्तीबद्दल. हायलक्स १९६८ मध्ये जपानात आली, आणि ती बांधायचं काम तेव्हा हिनो या ट्रक बनवणाऱ्या कंपनीकडे होतं. १९८७ मध्ये चाड आणि लिबियाच्या लढाईत चाडच्या सैनिकांनी वाळवंटात पिकअप इतक्या बेफाम पळवल्या की त्या लढाईला 'टोयोटा युद्ध' असंच नाव पडलं. त्यात लँड क्रूझरच्या पिकअपही होत्या हे मात्र हायलक्सवाले सोयीस्करपणे विसरतात. २००७ मध्ये 'टॉप गिअर' या टीव्ही कार्यक्रमाने चुंबकीय उत्तर ध्रुवाच्या १९९६ मधल्या जागेपर्यंत गाडी नेली, तीही हायलक्सच. फक्त ती शोरूममधून निघून थेट बर्फावर गेली नव्हती, आइसलँडच्या लोकांनी तिचे टायर, सस्पेन्शन, बरंच काही बदललं होतं.

ही सगळी पुण्याई जुन्या गाड्यांची आहे. साधं डिझेल इंजिन, सेन्सर जवळजवळ नाहीत, गावातल्या मिस्त्रीला पान्ह्याने उघडता येईल असा मामला. माझ्या गाडीत टर्बो आहे, कॉमन रेल आहे, धुराड्यात काजळी पकडणारा फिल्टर आहे, आणि बॉनेटखाली वायरींचं जाळं. नाव आजोबांचं, गाडी नातवाची. आजोबा दणकट होते म्हणून नातू दणकट निघेलच असं आमच्या भाऊबंदकीत तरी दिसलेलं नाही. म्हणून तपासायचं होतं.

१५,९०० किमी. रिकामी आणि भरलेली

अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्ता ज्यांना माहीत आहे त्यांना जास्त सांगायला नको. चोपड्याहून यावलकडे जाताना रिकामी हायलक्स मागून उड्या मारते. मागच्या सीटवर बसलेली आई अडावदपर्यंत गप्प होती, मग म्हणाली, "पुढल्या बारीले मी एस्टीनी जासू."

कारण सरळ आहे. पुढे डबल विशबोन आणि कॉइल स्प्रिंग, मागे मात्र पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग. पाटे वजनासाठी बसवलेले असतात, वजनच नसेल तर ते वाकतच नाहीत. दुसऱ्या दिवशी कृषी केंद्रातून युरियाच्या सहा गोण्या टाकल्या, गोणी ४५ किलोची, म्हणजे २७० किलो. तोच रस्ता, तेच खड्डे, पण गाडी एकदम शहाणी झाली. तेव्हापासून दोन वाळूच्या गोण्या हौद्यात पुढच्या बाजूला कायम असतात. चाकातली हवा रिकाम्या गाडीला दोन-तीन पीएसआय कमी ठेवली तर आणखी फरक पडतो. आई अजून एस्टीनेच जाते.

१९,३०० किमी. पिवळा दिवा

ही नोंद लांब आहे, पण डिझेलवाल्यांनी वाचाच.

घर ते मळा चार किलोमीटर. डिसेंबरभर गाडी एवढीच चालली, दिवसातून दोनदा. इंजिन पुरतं तापायच्या आत बंद. एका सकाळी काजळीच्या फिल्टरचा, म्हणजे डीपीएफचा, दिवा लागला. चूक माझीच होती. हा फिल्टर धुरातली काजळी गोळा करतो आणि अधूनमधून जास्तीचं डिझेल वापरून स्वतःला साधारण सहाशे अंशांपर्यंत तापवून ती जाळून टाकतो. त्यासाठी गाडी सलग, जरा वेगात चालावी लागते. चार किलोमीटरच्या फेऱ्यांत ती संधीच मिळत नाही. काजळी साचत जाते.

शिरपूरला गेलो, आग्रा रोड धरला आणि धुळ्यापर्यंत चौथ्या-पाचव्या गिअरात, दोन हजारांच्या वर आरपीएम ठेवून चालवली. नरडाण्याच्या पुढे दिवा विझला. धुळ्यात शेवभाजी खाऊन परत. आता दर दहा-बारा दिवसांनी असा फेरा ठरलेला, आणि शेवभाजीचं निमित्त घरात मान्य झालेलं आहे.

मी हा विषय ताणतोय कारण हायलक्सच्या कीर्तीला खरा ओरखडा इथेच पडलाय. ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०१५ ते एप्रिल २०२० या काळात विकलेल्या हायलक्स, फॉर्च्युनर आणि प्राडो अशा अडीच लाखांहून जास्त डिझेल गाड्यांच्या याच फिल्टरवरून ग्राहक एकत्र कोर्टात गेले, आणि २०२२ मध्ये तिथल्या फेडरल कोर्टाने रचनेत दोष होता असं धरलं. माझी गाडी त्यानंतरची. पण 'हायलक्स कधीच बिघडत नाही' असं कोणी छातीठोक सांगायला लागलं की मी हे सांगतो. ज्या गाडीचा बोलबाला धूर ओकणाऱ्या जुन्या इंजिनांवर झाला, तिच्या आजच्या पिढीचं दुखणं धूर साफ करण्याच्या यंत्रणेत निघावं, यात मला जरा गंमतही वाटते.

२३,७०० किमी. तोरणमाळ

शहाद्याहून म्हसावद, पुढे घाट. तोरणमाळ अकराशे मीटरच्या वर, आणि शेवटची वळणं अशी की पुढचा रस्ता शेजारच्या खिडकीतून दिसतो. गाडीत पाच माणसं, हौद्यात तंबू, पाण्याचे दोन जार, लाकडं, आणि नाशकाच्या मित्राने आणलेली एक अवजड शेगडी जी कोणीच पेटवली नाही.

इथे मात्र मी हात जोडले. दुसऱ्या गिअरात इंजिन दीड हजारावरच ओढायला लागतं, तापमानाचा काटा जागचा हलत नाही, आणि मे महिन्याच्या त्या उन्हात एसी एकदाही बंद करावा लागला नाही. उतरताना ब्रेकवर पाय कमी, गिअरवर भिस्त जास्त. परत आल्यावर चाकांना हात लावून पाहिला तर पुढची गरम होती, पण वास नव्हता. ज्यांनी घाटात जळक्या ब्रेकचा वास घेतलाय त्यांना याची किंमत कळेल.

आमच्यातला एक जण घाट लागताच "फोर एच टाक, फोर एच टाक" म्हणत होता. फोर एच म्हणजे नेहमीच्या वेगात चारही चाकांना ताकद. डांबरी, कोरड्या रस्त्यावर ते टाकू नका. या गाडीत पुढच्या-मागच्या अॅक्सलमध्ये मधला डिफरेन्शियल, म्हणजे दोन्हीकडच्या गतीतला फरक सामावून घेणारा गिअरसंच, नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात, फोर एचमध्ये दोन्ही अॅक्सल एकाच गतीने बांधलेले असतात, आणि तो फरक जायला जागा नसते. मातीवर चाक थोडं घसरून तो फरक मिटवतं. डांबरावर तो ताण दोन्ही अॅक्सल जोडणाऱ्या शाफ्ट-गिअरांवर चढत जातो. हे त्याला समजावता समजावता सीताखाई आली.

२८,१०० किमी. गारा, म्हणजे चिखल

जुलै. सलग दोन दिवस पाऊस. मळ्यात पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर जळाला होता, म्हणून नवा घेऊन निघालो. ट्रॅक्टरने जाता आलं असतं. पण मनात आलं, एवढी जगभर गाजलेली गाडी आहे, आपल्या वावरापर्यंत जाणार नाही?

नाही गेली. बांधापासून पन्नास-साठ फुटांवर बसली.

आपली काळी माती पाणी पिऊन फुगते, हे शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको. ती चाकाला नुसती चिकटत नाही, टायरच्या खाचा भरून टाकते. कंपनीचे टायर २६५/६० आर १८, हायवेसाठीचे, खाचा उथळ. दोन फेऱ्यांत ते गुळगुळीत काळ्या भोपळ्यासारखे झाले. फोर एल, म्हणजे हळू पण जोरात ओढणारी लो रेंज, टाकलं, मागची दोन्ही चाकं बरोबरीने फिरवणारा डिफ लॉक लावला. चारही चाकं प्रामाणिकपणे फिरत होती, गाडी जागच्या जागी खाली जात होती. चाकातली हवा वीस पीएसआयवर आणली, चाकांखाली पऱ्हाटीच्या काड्या टाकल्या, एक हात पुढे सरकली, पुन्हा बसली. इथे ७०० मिलिमीटर पाण्यातून जाण्याचा कंपनीचा आकडा काय कामाचा? पाणी नव्हतंच, गारा होता.

शेवटी नानांना फोन. नाना ट्रॅक्टर घेऊन आले, साखळी लावली, एका हिसक्यात गाडी बांधावर. मग ट्रॅक्टरवरून न उतरताच म्हणाले, "चारी चाके फसतस म्हनीसन फोर बाय फोर म्हनतस का रे भो इले?"

माझं मत: त्या दिवशी गाडीने केलं ते सगळं बरोबर केलं. डिफ लॉक लागला, लो रेंज लागली, काही तुटलं नाही, काही गरम झालं नाही. हरले ते टायर, आणि त्याहून आधी हरली माझी अक्कल. कीर्ती गाडीची असते, पकड टायरची असते. नवी गाडी घेताना वरच्या मॉडेलचे जास्तीचे पैसे वाचवून ते टायरमध्ये घाला, असं मी आता प्रत्येकाला सांगतो.

३३,०००. बारीकसारीक

हौद्यावरचं झाकण एका दुकानातून बसवून घेतलं. पहिल्याच पावसात कोपऱ्यातून गळालं, युरियाची अर्धी गोणी पाझरली. खताचं पाणी पत्र्यावर राहिलं तर गंज पकडतो, म्हणून हौदा तासभर धुतला आणि रबराची पट्टी स्वतः नव्याने चिकटवली. आता गळत नाही.

बाभळीचा काटा, डावं मागचं चाक. पंक्चर काढणाऱ्याने चाकाचा आकार पाहून दुप्पट पैसे सांगितले.

सरासरी, लिटरला किलोमीटर: आग्रा रोडवर ऐंशीने गेलो तर साडेबारा, गावात आणि मळ्यात साडेनऊ, तोरणमाळला नऊच्याही खाली. टाकी ८० लिटरची, त्यामुळे पंपावर जाणं कमी होतं, पण गेलो की एकदम लागतं.

३७,५००. भरीत पार्टी

जानेवारी. बामणोदची वांगी पंधरा किलो, तुरकाठ्यांचा भारा, पुऱ्या तळायची कढई, सतरंज्या, मिरच्या, दोन पातेली, आणि भरीत कुटायची लाकडी बडगी जी दुसऱ्या कुठल्याच गाडीच्या डिकीत बसत नाही. सगळं हौद्यात. फाळका खाली पाडला की तोच ओटा. त्यावरच कांद्याची पात चिरली, त्यावरच आप्पा पाय लोंबकळत बसून वांगी भाजणाऱ्यांना सूचना देत राहिले. राख, तेल, वांग्याची सालं, सगळं सांडलं. घरी येऊन पाइप लावला, पाच मिनिटांत साफ. हे फॉर्च्युनरमध्ये करून दाखवा.

त्या दिवशी नानाही होते. दोन वेळा भरीत घेतल्यावर त्यांनी हौद्याकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि मान्य केलं की घड नाही तर नाही, पन बडगी बसस.

४१,६००. आजची स्थिती

इंजिन ऑइल आणि फिल्टर वेळेवर. इंजिन फॉर्च्युनरचंच असल्याने फिल्टरसाठी जळगावपलीकडे जावं लागलेलं नाही. पुढचे ब्रेक पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक. पाट्यांच्या बुशमधून थंडीत सकाळी कुरकुर येते, सिलिकॉन स्प्रे मारला की महिनाभर बंद. याखेरीज बिघाड एकही नाही.

पण मित्रांनो, यावरून 'कीर्ती खरी' असा शिक्का मी मारणार नाही. सत्तावीस हजार किलोमीटर मी चालवली, तीही दर रविवारी धुऊन, आग्रा रोडवर नेऊन, तेल वेळेवर बदलून. एवढ्या लाडात कुठलीही गाडी टिकते. आप्पांची बोलेरो पिकअप दोन लाख ऐंशी हजारांवर आहे, तिचा डावा दरवाजा सुतळीने बांधलेला आहे, आणि ती आज पहाटे चारला घड भरून सावद्याला गेली. तिच्यासमोर माझ्या गाडीच्या टिकाऊपणाबद्दल बोलायला मला अजून लाज वाटते. ओढ, घाट, लो रेंज, एसी यांबद्दल मात्र बिनधास्त बोलतो.

ऑल-टेरेन टायर मागवलेत, याच मापाचे, पुढच्या आठवड्यात बसतील. पाऊस पडला की त्याच बांधावरून, त्याच वावरात. नानांना तारीख कळवली आहे. साखळी ट्रॅक्टरवरच ठेवतो म्हणाले.