भाड्याचा सर्व्हर, अपडेट 4: किल्ली तिकडे जाऊच द्यायची नाही

मंडळी, मागच्या अपडेटमध्ये व्हीपीएस (होस्टिंग कंपनीच्या मोठ्या मशीनमधला भाड्याचा हिस्सा) मस्त चाललाय असं लिहिलं होतं, ते मागे घेतो. मधे डिस्क फार स्लो झाली म्हणून होस्टिंगवाल्यांकडे तिकीट टाकलं, आणि सपोर्टवाल्याचं उत्तर आलं की तुमच्या 'पेशंट जुने' फोल्डरमध्ये बारीक बारीक फाइल्स खूप झाल्यात, त्या कमी करा. आता हे फोल्डरचं नाव मी तिकिटात कुठेच लिहिलं नव्हतं, पासवर्ड दिला नव्हता, लॉगमध्ये कुणाचं लॉगिन नाही, म्हणजे त्या माणसाने सरळ होस्टवरून, म्हणजे त्यांच्या मूळ मशीनवरून, माझी डिस्क इमेज (माझी अख्खी डिस्क असलेली फाइल) माउंट केली आणि आत फिरून आला. आणि हे त्याने इतक्या सहज लिहिलं होतं की त्यात काही वावगं आहे असं त्याच्या डोक्यातच आलं नसावं, ते मला जास्त लागलं.

त्या फोल्डरमध्ये ताईच्या क्लिनिकच्या नोंदी होत्या. ताई फिजिओथेरपिस्ट आहे, डहाणूकर कॉलनीत छोटं क्लिनिक आहे तिचं, आणि तुझा बॅकअप मी बघतो, काळजी करू नको असं मीच तिला सांगितलं होतं. फोन करून खरं काय ते सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "अरे, पण लोक माझ्या भरवशावर सांगतात ना सगळं." त्या रात्री झोप नाही लागली.

आधी मी पण तेच केलं जे बहुतेक जण सुचवतात, लक्स (लिनक्समधलं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) लावून अख्खी डिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी. डेबियन लिनक्स परत इन्स्टॉल केलं, इनिटरॅमएफएसमध्ये (मशीन सुरू होताना डिस्क उघडण्याआधी चालतो तो छोटा भाग) ड्रॉपबेअर हा छोटा एसएसएच सर्व्हर टाकला म्हणजे रीबूट झाल्यावर एसएसएच करून, म्हणजे लांबून लॉगिन करून, पासफ्रेज (लांबलचक पासवर्ड) देता येतो, दोन रात्री गेल्या त्यात पण चाललं. मग डोक्यात किडा वळवळायला लागला की डिस्क बंद असताना ठीक आहे, पण माझा सर्व्हर तर 24 तास चालू असतो, आणि चालू आहे म्हणजे किल्ली रॅममध्ये आहे, आणि ती रॅम कुणाची? होस्टची.

नुसतं वाचून समाधान होईना म्हणून घरच्या जुन्या डेस्कटॉपवर केव्हीएम (एका मशीनमध्ये दुसरं मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलं, 2 जीबी रॅमचं एक व्हीएम, म्हणजे व्हीपीएससारखंच आतलं आभासी मशीन, बनवलं, त्यात तसंच्या तसं लक्स लावलं आणि मग स्वतः होस्टिंगवाला होऊन बसलो. लिबव्हर्ट या व्हीएम सांभाळणाऱ्या टूलच्या डंप कमांडने चालू व्हीएमची मेमरी एका फाइलमध्ये उतरवली, आतल्या मशीनला याचा पत्ताच लागत नाही, लॉगमध्ये एक ओळ नाही. मग त्या फाइलवर एईएसच्या (लक्स वापरतं ती एन्क्रिप्शनची पद्धत) किल्ल्या शोधणारं टूल चालवलं. ते टूल कसं शोधतं हे समजून घेण्यासारखं आहे: एईएस चालवताना मूळ किल्लीपासून प्रत्येक राउंडची (फेरीची) किल्ली काढून ठेवतात, 256 बिटच्या किल्लीचे असे 240 बाइट होतात, आणि त्या बाइटांचं एकमेकांशी ठरलेलं गणित असतं, त्यामुळे करोडो बाइटांच्या ढिगाऱ्यातही तो तुकडा वेगळा ओळखू येतो. हे तंत्र 2008 मध्ये प्रिन्स्टनच्या लोकांनी कोल्ड बूट हल्ल्याच्या (वीज गेल्यावरही रॅममध्ये थोडा वेळ उरलेला डेटा वाचणं) पेपरमध्ये दाखवलं होतं, तेव्हा त्यांना मशीन हातात लागायचं, कधी कधी रॅमवर थंड फवारा मारून चिप पण काढायला लागायची, व्हीएमच्या बाबतीत तेवढा पण त्रास नाही. माझा चहा होईपर्यंत दोन किल्ल्या बाहेर आल्या, दोन कारण लक्स एईएसचा एक्सटीएस नावाचा मोड वापरतं आणि त्याला 256 बिटच्या दोन लागतात. त्या जोडून क्रिप्टसेटअपला (लक्सची डिस्क उघडणारी कमांड) दिल्या आणि डिस्क उघडली. पासफ्रेज विचारला पण नाही. आर्गॉन2 ने (पासफ्रेज अंदाजाने शोधणं मुद्दाम अवघड करणारी पद्धत) पासफ्रेज कितीही घट्ट केला तरी इथे त्याचा संबंधच येत नाही.

आणि समजा रॅम नाही बघितली, तरी बूट पार्टिशन (डिस्कचा जिथून मशीन सुरू होतं तो भाग) उघडंच असतं ना. त्यातला इनिटरॅमएफएस बदलून ठेवला की पुढच्या रीबूटला मी स्वतःच पासफ्रेज टाइप करून त्यांच्या हातात देणार. तरी लक्स ठेवलंय, कारण होस्टची जुनी डिस्क भंगारात गेली किंवा दुसऱ्या गिऱ्हाइकाला दिली तर तेव्हा ते कामाचं आहे. पण मुद्दाम बघणाऱ्यापासून ते वाचवत नाही, हे आता मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय.

एएमडीचं एसईव्ही-एसएनपी आणि इंटेलचं टीडीएक्स या प्रोसेसरमधल्या सोयींत व्हीएमची मेमरीच एन्क्रिप्टेड असते, पण त्याचा अटेस्टेशन रिपोर्ट (खरंच तसं चाललंय याचा प्रोसेसरने सही केलेला पुरावा) आपण स्वतः तपासला नाही तर फक्त होस्टच्या शब्दावर विश्वास ठेवल्यासारखं होतं, आणि माझ्या बजेटमध्ये ते बसत पण नाही. सोडून दिलं.

तर मग सगळं उलटं केलं. तपकीर गल्लीतून सेकंडहँड मिनी पीसी आणला, 8 जीबी रॅमचा, तो घरी इन्व्हर्टरवर लावला आणि उघडा डेटा फक्त त्याच्यावर. व्हीपीएसवर रेस्टिक या बॅकअप प्रोग्रामची रेपॉझिटरी, म्हणजे बॅकअपचा साठा. रेस्टिक फाइलींचे तुकडे करतं आणि घरूनच एन्क्रिप्ट करून पाठवतं, फाइलची नावं, फोल्डरची नावं सगळं आत बंद, तिकडे दिसतात फक्त लांबलचक हेक्स नावांचे गठ्ठे. प्रत्येक गठ्ठ्यावर पॉली1305 चा शिक्का असतो म्हणजे कुणी एक बाइट बदलला तरी रिस्टोर करताना पकडला जातो.

पण हे पण पुरेसं नाही, आणि यावर मला कुठे फार बोललेलं दिसलं नाही म्हणून लिहितोय. होस्ट डेटा वाचू शकत नाही, बदलू शकत नाही, पण जुना डेटा परत आणून ठेवू शकतो. समजा त्यांनी डिस्कचा महिन्यापूर्वीचा स्नॅपशॉट (तेव्हाची प्रत) रिस्टोर केला, तर सगळे शिक्के बरोबर जुळतील, रेस्टिकचा चेक पण पास होईल, फक्त मधला महिना गायब. म्हणून आता प्रत्येक बॅकअपनंतर रेस्टिकच्या शेवटच्या स्नॅपशॉटचा (रेस्टिक प्रत्येक बॅकअपला हेच म्हणतं) आयडी घरी एका फाइलमध्ये लिहितो आणि दुसऱ्या दिवशी स्क्रिप्ट तो तिकडे सापडतो का बघते, शिवाय रोज 5 टक्के डेटा खाली उतरवून तपासते. अपेंड-ओन्ली मोड (नवीन टाकता येतं, जुनं पुसता येत नाही) पण लावलाय, पण तो माझं घरचं मशीन हॅक झालं तर उपयोगी, होस्टच्या बाबतीत शून्य, फाइली त्यांच्याच डिस्कवर आहेत, डिलीट करायच्या तर करतीलच. त्यासाठी एक एक्सटर्नल डिस्क ताईकडे कपाटात.

दुसरं काम वेबचं. घरचं कनेक्शन सीजीनॅटच्या मागे (म्हणजे स्वतंत्र आयपी नाही, बाहेरून थेट जोडता येत नाही) असल्यामुळे ताईला क्लिनिकमधून बघायचं तर व्हीपीएस मधे लागतोच. आधी टीएलएस (वेबसाइटच्या एचटीटीपीएसचं कुलूप) तिथेच उघडत होतो, म्हणजे सगळं तिथे उघडं. आता घरून वायरगार्ड या व्हीपीएनचा बोगदा आणि 443 (एचटीटीपीएसचं पोर्ट) नुसतं पुढे ढकलायचं, सर्टिफिकेटची (साइट खरी असल्याचा दाखला) किल्ली घरी. तरी आयपी होस्टच्या हातात म्हणजे ते माझ्या डोमेनचं दुसरं सर्टिफिकेट मिळवू शकतात. 2023 मध्ये जॅबर डॉट आरयू या रशियन चॅट सेवेच्या बाबतीत असंच झालं, तिच्या जर्मनीतल्या सर्व्हरांसमोर कुणीतरी लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेची खरीखुरी सर्टिफिकेटं घेऊन कनेक्शन मधेच उघडत होतं, आणि त्यातलं एक एक्सपायर झालं म्हणून ते सापडलं. म्हणून डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदींत, सीएए रेकॉर्ड (सर्टिफिकेट कुणी द्यायचं ते सांगणारी नोंद) टाकलाय, आरएफसी 8657 या इंटरनेटच्या मानकाप्रमाणे, की फक्त माझ्या अकाउंटला आणि फक्त डीएनएस पद्धतीनेच (डोमेनच्या नोंदींत खूण टाकून मालकी दाखवली तरच) सर्टिफिकेट द्यायचं. डीएनएस वेगळ्या कंपनीकडे हवं बरं का, त्याच होस्टकडे असेल तर काही अर्थ नाही. क्रट डॉट एसएच या, दिलेली सर्टिफिकेटं दाखवणाऱ्या साइटवर आठवड्यातून एकदा नजर टाकतो.

एवढं करून कधी बॅकअप होतो, किती जीबी होतो, कुठून कोण जोडतं हे त्यांना दिसतंच. त्याचं काही करता आलं नाही. आणि जुना उघडा डेटा मी डिलीट केला असला तरी त्यांच्या स्नॅपशॉटमध्ये असणारच, तो गेला असंच धरून चाललोय. त्यात असलेले सगळे पासवर्ड आणि एसएसएच किल्ल्या बदलल्या, आणि ताईने ठरवलं की ज्यांच्या नोंदी त्यात होत्या त्यांना ती स्वतः सांगणार. काल सहा जणांना सांगून झालं.

राहिलेलं काम: रेस्टिकचा पासवर्ड कागदावर लिहून ताईच्या लॉकरमध्ये ठेवलाय, पण त्या कागदावरून, माझ्या मदतीशिवाय, तिच्या लॅपटॉपवर रिस्टोर होतं का हे अजून बघितलेलं नाही. या गुरुवारी तिच्याकडे दुपारपर्यंत लाइट नसते, पेशंट नसतात, तेव्हा तिला बसवून करून बघणार आहे. मी फक्त शेजारी बसणार, कीबोर्डला हात लावणार नाही.