तुम्ही विचारलंत म्हणून: पणजीच्या पिनकोडात मला काय दिसतं

"सर, एवढा मोठा आकडा घेऊन बसता, त्यात बघता तरी काय?" म्हापशाच्या बाजारात भेटणारे पालक हे विचारतात, आणि ट्यूशनची पोरं कोंकणीत, "सर, हाचो उपेग कितें?" तर आज एकच आकडा घेतो, ४०३००१, पणजीचा पिनकोड.

ही मूळ संख्या आहे. आजूबाजूचे बघा ना, फोंड्याच्या ४०३४०१ मधल्या अंकांची बेरीज १२, म्हणजे ३ ने भाग गेलाच, मडगावच्या ४०३६०१ ला ११ ने जातो, वास्कोचा ४०३८०२ तर सम, आणि आमच्या म्हापशाचा ४०३५०७ दिसायला अगदी मूळ वाटतो पण तो निघतो १३ गुणिले ३१०३९. पणजीचा मात्र कशानेच फुटत नाही.

कसं कळतं? ६३५ चा वर्ग ४०३२२५, म्हणजे आपल्या आकड्याच्या पुढे गेला, आकडा दोन भागांत फुटलाच तर एक भाग ६३५ हून लहान असणारच, त्यामुळे ६३१ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघितलं की पुरे, त्या ११५ आहेत. त्यातल्या चार फुकटात गळतात, कारण शेजारचा ४०३००० हा २, ५, १३ आणि ३१ यांचाच बनलाय आणि लागोपाठच्या दोन संख्यांना १ सोडून सामाईक भाजक नसतो. बाकीच्यांना बसून भागायचं, आणि मला ते मनापासून आवडतं. उपयोग म्हणाल तर शेकडो अंकी दोन मूळ संख्यांचा गुणाकार परत फोडणं महाकठीण, आणि इंटरनेटवरची कितीतरी कुलपं याच भरवशावर आहेत. पण मी त्यासाठी नाही करत.

खरी मजा पुढे आहे. ४०३००१ ला ४ ने भागलं की बाकी १ उरते, आणि अशी कुठलीही मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असतेच, हे फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने १६४० च्या नाताळच्या दिवशी मर्सेन या दुसऱ्या गणितज्ञाला पत्रातून कळवलं, सिद्धता शंभरेक वर्षांनी ऑयलर या गणितज्ञाने दिली. मग ते दोन वर्ग शोधायचे. वर्गाला ५ ने भागलं की बाकी ०, १ किंवा ४ च येते, आपल्याला बेरजेत १ हवा, म्हणजे दोघांपैकी एकाला ५ ने भाग जायलाच हवा. ३ ने भागल्यावर आपल्या आकड्याची बाकी २, म्हणजे दोघांपैकी कोणालाच ३ ने भाग जाणार नाही. असं चाळत चाळत गेलं की सापडतं, २९९ चा वर्ग ८९४०१, ५६० चा वर्ग ३१३६००, बेरीज ४०३००१! अंगावर काटा येतो हो, पिनकोड १९७२ साली आले, ही जोडी त्याच्या कितीतरी आधीपासून तिथेच होती.

आणि याची उलट वाटही ऑयलरचीच. ४ ने भागून बाकी १ देणारी संख्या दोन वर्गांत एकाच प्रकारे मांडता आली, आणि त्या दोघांना सामाईक भाजक नसला, तर ती मूळच असते. म्हणून सगळे भागाकार झाल्यावरही मी दुसरी जोडी शोधत बसलो. नाहीये. २९९ आणि ५६०, एवढीच.