मिलवॉकीची बिअर, विस्कॉन्सिनची ब्रँडी: शिकागोहून तीन दिवस

शिकागोच्या युनियन स्टेशनवरून अ‍ॅमट्रॅकची 'हायवाथा' दीड तासात मिलवॉकीला पोचवते. पहिले दोन दिवस गाडी भाड्याने घेऊच नका. इथे जे बघायचं ते प्यायचंही असतं, आणि ब्रुअरीसमोरचं पार्किंग शोधण्यापेक्षा उबर स्वस्त पडते.

पॅब्स्ट, श्लिट्झ, ब्लाट्झ, मिलर ही चारही नावं याच गावची. मागे जर्मन वस्ती आणि मिशिगन सरोवर: हिवाळ्यात बर्फ कापून तळघरात भरला की लागर (थंडाव्यात मुरवायची बिअर) वर्षभर मुरवता यायची. १८७१ च्या आगीत शिकागोच्या ब्रुअऱ्या जळाल्या आणि तिथली गिऱ्हाइकं मिलवॉकीकडे वळली. पॅब्स्टची मिलवॉकीतली ब्रुअरी १९९६ मध्ये बंद पडली. जुन्या आवारात 'बेस्ट प्लेस' ही टूर आणि बार असलेली जागा आहे, तासभर पुरतो. १८५५ च्या मिलरच्या आवारात डोंगरात खोदलेल्या गुहा आहेत. टूरच्या वेळा बदलत राहतात, निघण्यापूर्वी वेबसाइट पाहाच. एकाच टूरला वेळ असेल तर 'लेकफ्रंट' ब्रुअरीची घ्या. हातात ग्लास देऊनच सुरुवात होते आणि गाइड विनोद जास्त, माहिती कमी सांगतात. शुक्रवार-शनिवारचं बुकिंग आधी करा.

आता अमेरिकन माणूस पितो काय? कुठल्याही साध्या बारच्या नळांकडे बघा: मिलर लाइट, बड लाइट, कूर्स लाइट, मिकलोब अल्ट्रा. आपली पहिली चूक इथेच होते. 'लाइट' म्हणजे कमी चढणारी नव्हे, कमी कॅलरीची. या चौघींत अल्कोहोल ४.२ टक्के आणि साध्या बडवायझरमध्ये ५, म्हणजे फरक फारसा नाही. चव पातळ असण्याचं कारण जुनं आहे. अमेरिकन सहा-ओळी बार्लीत (कणसात दाण्यांच्या सहा ओळी) प्रथिनं जास्त, त्यामुळे बिअर जड आणि गढूळ व्हायची. जर्मन ब्रुअरांनी त्यात मका किंवा तांदूळ मिसळून ती हलकी, स्वच्छ केली. बडवायझरमध्ये आजही तांदूळ असतो, मिलर लाइटमध्ये मका. आपल्याकडच्या ७-८ टक्क्यांच्या स्ट्राँगची सवय असलेल्याला हे पाणी वाटतं. पण बेसबॉलच्या तीन तासांच्या सामन्यात तीन-चार कॅन निवांत संपवायचे, हाच तर तिचा उपयोग!

बड लाइटने २००१ पासून वीसेक वर्षं पहिला नंबर राखला. २०२३ मध्ये एका ट्रान्सजेंडर इन्फ्लुएन्सरसोबतच्या जाहिरातीवरून तिच्यावर बहिष्कार पडला, त्यानंतर विक्रीच्या रकमेत मेक्सिकन मोडेलो एस्पेशिअल पुढे गेली. मिलवॉकीत मात्र बड लाइट मागितलीत तर बारटेंडर देईल, पण एकदा नीट बघून घेईल.

विस्कॉन्सिनची खरी आवड बिअरच्या शेजारी ठेवलेल्या बाटलीत आहे: ब्रँडी. तिचं कॉकटेल म्हणजे ओल्ड फॅशन्ड. बाकी अमेरिकेत ते व्हिस्कीचं, सोड्याशिवाय. इथे जाड बुडाच्या ग्लासात साखरेचा क्यूब, त्यावर बिटर्सचे (कडू मसालेदार अर्काचे) दोन-तीन शिंतोडे, संत्र्याची चकती आणि चेरी टाकून लाकडी दांड्याने दाबतात. सालीचा पांढरा भाग फार चेचला तर कडवटपणा उतरतो, म्हणून चांगला बारटेंडर दोन-तीनदाच दाबतो. मग बर्फ, दोन औंस ब्रँडी (म्हणजे आपला लार्ज) आणि वरून सोडा. कुठला सोडा, ते तुम्ही सांगायचं. 'स्वीट' म्हणजे सेव्हन-अप किंवा स्प्राइट, 'सावर' म्हणजे आंबट ग्रेपफ्रूटचा सोडा, 'प्रेस' म्हणजे निम्मा गोड, निम्मा साधा. पहिल्यांदा 'प्रेस' मागा. 'स्वीट' सरबतासारखं उतरतं आणि दुसरा ग्लास संपेपर्यंत काही कळत नाही.

चखण्याला तळलेले चीज कर्ड्स, म्हणजे ताज्या चीजचे तुकडे. शाकाहारी मंडळींनी विचारून घ्यावं: शुक्रवारी त्याच तेलात मासे तळलेले असू शकतात. बिअर-चीज सूपमध्ये अनेक ठिकाणी चिकन स्टॉक असतो.

पैशांचं. मेनूवरच्या दरात कर धरलेला नसतो, मिलवॉकीत खाण्यापिण्यावर तो ८.४ टक्के. टिप बिअरमागे एक डॉलर, कॉकटेल किंवा जेवणावर वीस टक्के. कार्ड देऊन 'टॅब' (शेवटी एकदम चुकवायचं बिल) उघडलात तर निघताना आठवणीने बंद करा. पासपोर्ट जवळ ठेवा, भारतीय लायसन्स बरेच बार मानत नाहीत. वय सगळ्यालाच २१, महाराष्ट्रासारखं बिअरला २१ आणि व्हिस्कीला २५ असं नाही. दुकानातून बाटली हवी असेल तर रात्री नऊच्या आत. त्यानंतर मिलवॉकीत पार्सल मिळत नाही, फक्त बार.

तिसऱ्या दिवशी गाडी लागतेच. न्यू ग्लॅरस हे स्विस लोकांनी वसवलेलं गाव मिलवॉकीपासून शंभरेक मैलांवर आहे, मॅडिसनहून पाऊण तास. इथल्या ब्रुअरीची 'स्पॉटेड काऊ' बिअर विस्कॉन्सिनबाहेर विकलीच जात नाही, म्हणून इलिनॉयच्या नंबरप्लेटच्या गाड्यांच्या डिक्की भरून जाताना दिसतात. आमची शिफारस मात्र 'विस्कॉन्सिन बेल्जियन रेड'ची: मोठ्या बाटलीत पाऊंडभराहून जास्त चेरी, आणि चव बिअरपेक्षा वाइनच्या जवळची. चार जणांत एक बाटली पुरते.

चालवणाऱ्याने त्या दिवशी कोकमावर, म्हणजे इथल्या बिनदारूच्या रूट बिअरवर भागवावं. रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०८ टक्के आहे. पण एच-वन किंवा विद्यार्थी व्हिसावाल्यांनी त्या आकड्याच्या जवळही जाऊ नये, कारण नुसत्या अटकेवरूनही व्हिसा रद्द होऊ शकतो.

घरी न्यायची असेल तर चेक-इन बॅगेत, प्रत्येक बाटली आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि मग जीन्सच्या पायात. भारतात माणशी दोन लिटरपर्यंत करमाफी आहे. ३५५ मिलीच्या सहा बाटल्या म्हणजे २१३० मिली, तेव्हा सिक्स-पॅकमधली एक हॉटेलातच संपवावी.