जन्मतारीख : १ जानेवारी १९००

सीटी स्कॅनच्या कन्सोलवर पेशंटची नोंद केल्याशिवाय मशीन पुढे सरकत नाही. नावाच्या रकान्यात मी 'मांजर एक' टाकलं. लिंग 'माहीत नाही', तेही चाललं. गाडी अडली ती जन्मतारखेपाशी. इसवी सनापूर्वीचं वर्ष सॉफ्टवेअर घेईना. शेवटी १ जानेवारी १९०० टाकून मोकळी झाले.

मी मूळची मिरजेची. उत्तर इंग्लंडमधल्या एका हॉस्पिटलात रेडिओग्राफर आहे. जवळच्या एका छोट्या संग्रहालयाला त्यांच्याकडच्या दोन मांजरांच्या ममी आतून पाहायच्या होत्या. कधीकाळी कुणी गिरणीमालक इजिप्तच्या सहलीवरून त्या घेऊन आला होता. परवानग्यांत चार महिने गेले आणि अखेर वेळ मिळाली ती सगळे पेशंट आटोपल्यावर, संध्याकाळी सातनंतरची. ओव्हरटाइम नव्हता, त्यामुळे माझ्याशिवाय कोणी तयार झालं नाही.

क्युरेटरबाईंनी पहिली पेटी उघडली आणि आईच्या जुन्या ट्रंकेतल्या कपड्यांसारखा वास आला, थोडी राळ मिसळलेला. आत वीतभर लांबीचं, बाटलीच्या घाटाचं गाठोडं. फिकट आणि तपकिरी पट्ट्या एकाआड एक गुंफून चटईसारखी नक्षी केलेली. वर कापडाचंच तोंड, शाईने काढलेले डोळे, आणि कापडाचे सुरळी करून शिवलेले दोन कान. ते कान बघून मला गलबललं. कुणीतरी निगुतीने बसून केलेलं काम होतं ते.

पेशंटला किरणांचा डोस कमीत कमी द्यायचा, ही आमच्या धंद्यातली पहिली शिकवण. इथे तो प्रश्नच नव्हता, म्हणून हात सैल सोडला. अर्ध्या मिलिमीटरचे काप घेतले.

आत मांजर नव्हतं. चिखलाचे गोळे, काटक्या आणि दोन बारीक हाडं.

अशा ममी देवळात वाहण्यासाठी विकल्या जात. "पुजाऱ्यांनी फसवलं की हो!" मी म्हटलं. बाई हसल्या नाहीत. मँचेस्टरमध्ये प्राण्यांच्या आठशेहून जास्त ममी तपासल्या, त्याचे आकडे २०१५ मध्ये बाहेर आले. साधारण एक तृतीयांश ममींत पूर्ण प्राणी होता, एक तृतीयांशांत थोडेफार अवशेष, आणि उरलेल्यांत प्राणी नव्हताच. तिथले संशोधक याला लबाडी म्हणत नाहीत. देवाच्या प्राण्याच्या आसपासची माती, काडी, हाडाचा तुकडा, हेही त्या लोकांना पवित्रच होतं. मला हे लगेच पटलं. आमच्याकडे सुपारीचा गणपती बसतो, त्याला कोणी नकली म्हणत नाही. (अर्थात एकाही पुजाऱ्याने हात मारला नसेल, असं मी म्हणणार नाही. देवळाबाहेर एकच नारळ दिवसातून कितीदा विकला जातो, ते मी पाहिलंय.)

दुसरं गाठोडं साधं होतं, मळकं, नक्षी नाही. त्यात मांजर होतं. पुढचे पाय छातीपोटाशी सरळ खाली, मागचे दुमडून वर घेतलेले, शेपूट पायांमधून पुढे आणलेली. हाडांची टोकं अजून जुळलेली नव्हती, आणि जबड्यात दुधाच्या सुळ्यांमागे पक्के सुळे वाट बघत होते. लहान मुलांचे एक्स-रे रोज बघणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. पिल्लू होतं. पुढे एका पशुवैद्याने वय चारेक महिने सांगितलं.

मग मानेवर आले. कवटी आणि पहिला मणका यांच्यात नको तेवढं अंतर, आणि खालचे दोन मणके एकमेकांवरून सरकलेले. अपघाताच्या पेशंटमध्ये हे चित्र दिसलं असतं तर मी फोनकडे धावले असते.

"मेल्यानंतर गुंडाळतानाही मान मोडू शकते," बाई म्हणाल्या. मग जरा थांबून, "पण बहुतेक तसं नसावं." ब्रिटिश म्युझियममधल्या पन्नासहून अधिक मांजरांच्या ममींचे एक्स-रे काढले होते, त्याचा अभ्यास १९८१ मध्ये छापून आला. बरीच मांजरं एक ते चार महिन्यांची किंवा नऊ ते बारा महिन्यांची निघाली, आणि कित्येकांच्या माना मोडलेल्या. म्हातारी होऊन मेलेली ही मांजरं नव्हेत. ती देवळाच्या आसऱ्याने वाढवायची, मारायची, गुंडाळायची. यात्रेकरू ममी विकत घेऊन बास्तेत देवीला वाहायचा. आपण नवसाला चांदीचे डोळे वाहतो, तसंच.

ही बास्तेतही आधी सिंहिणीच्या तोंडाची होती. इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या हजार वर्षांत ती मांजर होत गेली. मी बाईंना सांगितलं की आमच्याकडे मांजराला वाघाची मावशी म्हणतात. त्यांनी ते लगेच वहीत टिपून घेतलं. मांजराला इजिप्शियन भाषेत काय म्हणायचे, विचारलं तर म्हणाल्या, "मिउ."

रात्री जेवताना आईला फोनवर हे सगळं सांगितलं. घरचं मांजर मेलं की इजिप्तमधली माणसं भुवया भादरायची, असं हेरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने लिहिलंय. एका रोमन माणसाच्या हातून चुकून मांजर मेलं, तर जमावाने त्याचा जीव घेतला. राजाने धाडलेले अधिकारीही त्याला वाचवू शकले नाहीत. डायोडोरस या दुसऱ्या ग्रीक इतिहासकाराने हे स्वतः पाहिलं होतं. आईने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग पिल्लाची मान मोडली त्यांनी काशीला सोन्याचं मांजर दिलं का?"

मला उत्तर सुचलं नाही. एकाच गावात मांजर मारल्याबद्दल एकाचा जीव जाऊ शकत होता, आणि त्याच मांजराची मान मोडणं दुसऱ्याचं नेमाचं काम असू शकत होतं. मारलं कोणी, आणि कोणासाठी, यावर सगळं ठरत असणार.

बाईंनी सांगितलेली एक गोष्ट मी आईला सांगितली नाही. १८८८ मध्ये इजिप्तमधल्या बेनी हसनजवळ एका शेतकऱ्याला मांजरांचं अफाट दफन लागलं. १८९० मध्ये त्यातली १९ टन, म्हणजे अंदाजे १ लाख ८० हजार मांजरं जहाजातून लिव्हरपूलला आली आणि शेतात खत म्हणून लिलावात गेली. लिलाव पुकारणाऱ्याने हातोडीच्या जागी मांजराचं डोकं वापरलं, असं सांगतात. मधल्या काळात युरोपात मांजराला सैतानाशी जोडून झालं होतं. १२३३ च्या एका पोपच्या पत्रात काळं मांजर येतं ते पाखंडी लोकांच्या पूजेत. पण मला तो सैतान परवडला. त्यात निदान मांजराची भीती तरी होती. खताच्या पोत्यात तीही उरली नाही.

ते सगळं त्या संध्याकाळचं बोलणं. साडेनऊला गाठोडी परत पेटीत गेली. टेबलावर चमचाभर तपकिरी भुगा सांडला होता. मी सवयीने जंतुनाशकाचा फडका उचलला, तर बाई जवळजवळ ओरडल्याच. त्यांनी पर्समधून मऊ ब्रश काढला, भुगा कागदावर घेतला, इवल्या पिशवीत भरला आणि वर पेन्सिलने नंबर लिहिला. मग टेबल पुसायला परवानगी मिळाली.

सकाळी आठचा पहिला पेशंट गुडघ्याचा होता. "टेबल गार आहे हं," मी म्हटलं.