मुडदुशांसाठी दहा फुटी रॉड कशाला?

मुंबईत नव्याने गळ टाकायला लागलेला माणूस दुकानात गेला की त्याच्या हातात पहिला जो रॉड येतो तो बहुतेक वेळा नऊ-दहा फुटी आणि जाडजूड असतो, सोबत लाइन (दोरी) गुंडाळायचं नारळाएवढं रील, आणि दुकानदार म्हणतो "शेठ, समंदर है, बडा मछली लगेगा तो?" आता तो मोठा मासा लागेल तेव्हा लागेल. आपल्याला मढ-मार्वेला, मनोरीच्या खाडीत किंवा गोराईच्या वाळूवर खरोखर काय लागतं बघा ना. मुडदुशे (लेडीफिश), बोय, बारीक शिंगाळा, ढोमा, खडकात हातभर सुद्धा नसलेली तांब, कधीतरी टोळ. यातलं बहुतेक सगळं पाव किलोच्या आतबाहेर. एवढ्या माशाला तो बांबू घेऊन गेलं तर मासा लागलाय हेच कळत नाही, गुंडाळत आणलं की शेवटी दिसतो लटकलेला. मला तर ते माशावरही अन्याय केल्यासारखं वाटतं आणि स्वतःवरही, कारण गरवण्यातली सगळी मजा त्या पहिल्या टोचण्यात आणि नंतरच्या ओढीत आहे, तीच गेली तर मग बाजारातून वाटा आणलेला काय वाईट.

त्यामुळे बरेच जण विचारतात की कमी पैशात हलका स्पिनिंग सेट (रॉड आणि त्याच्या खाली लटकणारं रील) घ्यायचा तर काय बघायचं, त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी रॉडच्या मुठीच्या वर बारीक अक्षरात जे छापलेलं असतं ते वाचायचं. लांबी नंतर. तिथे किती ग्रॅमचं ल्यूर (खोटं आमिष) किंवा शिसं हा रॉड फेकू शकतो ते लिहिलेलं असतं आणि किती पाउंडाची लाइन चालेल ते. बारीक माशासाठी २ ते १० किंवा फार तर ३ ते १२ ग्रॅम, आणि लाइन ४ ते ८ पाउंड, कंपनी त्याला यूएल किंवा एल म्हणते, म्हणजे अल्ट्रालाइट किंवा लाइट. हा आकडा का महत्त्वाचा, तर फेकताना रॉड शिशाच्या वजनाने मागे वाकतो आणि सरळ होताना त्याला पुढे भिरकावतो, आता ४० ते ८० ग्रॅमच्या रॉडला तुम्ही ५ ग्रॅमचं शिसं लावलं तर तो वाकणारच नाही, मग कितीही जोर लावा शिसं पायाशीच पडणार आणि माणूस म्हणणार मला फेकता येत नाही. फेकता येत असतं हो त्याला. रॉड चुकीचा असतो.

लांबी सहा ते सात फूट. तिवरांच्या मधे, खाडीच्या कडेला उभं राहायचं असेल तर सहा, कारण वर फांद्या असतात. खडकावरून किंवा वाळूवरून सात. यापेक्षा लांब घेऊ नका असं मी म्हणेन, निदान पहिला तरी.

कार्बन की फायबर यावर लोक तासन् तास वाद घालतात. कार्बन हलका, माशाने नुसतं तोंड लावलं तरी हाताला कळतं, पण खडकावर आपटला किंवा रिक्षात चढताना टोक अडकलं की गेला. फायबर जरा जड आणि मऊ, टोचणं थोडं उशिरा कळतं पण मार खातो. स्वस्तात दोन्हीचं मिश्रण असलेले रॉड मिळतात आणि सुरुवातीला तेच चांगले. अजून एक गोष्ट, ही मात्र गंभीरपणे घ्या, कार्बनमधून वीज जाते. आपण लोकलने फिरणारी माणसं, प्लॅटफॉर्मवर आणि पुलावर डोक्यावर २५,००० व्होल्टची वायर असते, तेव्हा रॉड कधीही जोडलेल्या अवस्थेत स्टेशनात न्यायचा नाही. दोन तुकडे करून पिशवीत किंवा पीव्हीसी पाइपात. सात फुटी रॉडचे दोन तुकडे साडेतीन फुटांचे होतात, लोकलमध्ये पायाजवळ उभे राहतात आणि कोणी ओरडत नाही. ढगांचा गडगडाट सुरू झाला की पण तेच, रॉड खाली ठेवा आणि निघा.

आता टेलिस्कोपिक, म्हणजे एकात एक सरकून बंद होणारा रॉड. फुटपाथपासून ऑनलाइनपर्यंत सगळीकडे तोच दिसतो कारण बॅगेत मावतो. मला स्वतःला आवडत नाही. वाळू एकदा त्या सरकणाऱ्या जोडांत गेली की अर्धा रॉड बंदच होत नाही, आणि प्रत्येक जोडापाशी तो ताठ राहतो त्यामुळे वाकण्यात लय नसते. ऑफिसच्या बॅगेतून न्यायचाच असेल तर ठीक, नाहीतर चार तुकड्यांचा ट्रॅव्हल रॉड बघा.

दुकानात रॉड हातात घेतला की डोळ्यासमोर धरून लाइन ओवायच्या सगळ्या रिंगा एका रेषेत आहेत का बघायचं. मग प्रत्येक रिंगेच्या आतून कानात घालतो तो कापसाचा बड फिरवायचा, कुठे कापसाचा धागा अडकला तर तिथे तडा आहे आणि तो तुमची लाइन कापणार. दुकानदार जरा विचित्र बघतो, बघू दे. मग रील लावून, लाइन ओवून, टोक कोणाला तरी धरायला सांगून हळू ओढायचं म्हणजे रॉड कुठून वाकतो ते कळतं. बारीक माशाला टोक मऊ हवं आणि खालचा भाग जरा भरीव, कारण मुडदुशाचं तोंड नाजूक असतं, ताठ रॉडने झटका दिला की गळ निसटून येतो.

पैसे कमी असतील तर ते कुठे घालायचे? माझं मत स्पष्ट आहे, मुंबईत रीलमध्ये. रॉडला खारं पाणी फार काही करत नाही, रिंगा पुसल्या की झालं, पण स्वस्तातलं रील एका पावसाळ्यात दळणाच्या चक्कीसारखं वाजायला लागतं. रॉड-रील मिळून चार हजार ठरवले तर त्यातले अडीच रीलला द्या. शिमानोची एफएक्स आणि सिएना ही त्या कंपनीची खालच्या किमतीतली रीलं आहेत आणि अशा कामाला पुरतात, डिकॅथलॉनमध्ये कॅपर्लनचे सेट मिळतात ते हातात घेऊन बघता येतात हा मोठा फायदा. नाव कुठलंही असो, साइज १००० ते २५०० च्या मधलं, आणि वजन पाव किलोच्या आसपास, त्यापेक्षा जड नको. साइजचे आकडे वेगवेगळ्या कंपन्यांचे एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून वजन विचारणं जास्त बरं.

खोक्यावर १०+१ बेअरिंग वगैरे लिहिलेलं असतं त्याला भुलू नका. खाऱ्या हवेत दहा हलकी बेअरिंग म्हणजे गंजायला दहा जागा. तीन-चार धड असली की भागतं. त्यापेक्षा ड्रॅग बघा, म्हणजे मासा ओढायला लागला की लाइन किती जोराला सुटू द्यायची ते ठरवणारा रीलचा ब्रेक. नॉब अर्धवट घट्ट करून लाइन हाताने हळूहळू ओढा, ती सलग सुटली पाहिजे, जर आधी अडकतेय आणि मग झटक्यात सुटतेय तर ते रील परत ठेवा, कारण बारीक लाइन नेमकी त्या पहिल्या झटक्यालाच तुटते. खोक्यावर ड्रॅग ८ किलो लिहिलंय का १० याने काही होत नाही, आपल्याला लाइनच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश एवढाच लावायचा असतो, म्हणजे ८ पाउंडाच्या लाइनला जेमतेम एक किलो. दुसरं, बेल म्हणजे रीलवरची उघडझाप होणारी तारेची कमान, तिच्या टोकाला जो छोटा रोलर असतो ज्यावरून लाइन जाते, तो बोटाने फिरतोय का बघा. तो अडकला की लाइनला पीळ पडत जातो आणि मग ती स्प्रिंगसारखी उड्या मारते.

लाइन सुरुवातीला साधी मोनो (एकेरी नायलॉनची) घ्या, ६ किंवा ८ पाउंड. स्वस्त असते, गाठ सोपी बसते, गुंता झाला तर कापून टाकताना जीव जळत नाही. हात बसला की ब्रेड (विणलेली लाइन), ८ पाउंडाची, ती बारीक असल्यामुळे हलकं शिसंही लांब जातं आणि ताणत नसल्याने टोचणं थेट बोटात येतं. पण ब्रेड नुसती वापरायची नाही, आपल्याकडे खडकावर कालवं असतात, त्यांच्या धारेला एकदा घासली की ती तुटते, म्हणून पुढे दोन-तीन फूट फ्लोरोकार्बनच्या चिवट लाइनचा तुकडा, म्हणजे लीडर, हवाच. जोडायला डबल युनी गाठ पुरे. आणि स्पूलवर (रीलमधल्या लाइन गुंडाळायच्या फिरकीवर) आधी थोडी मोनो गुंडाळून मग ब्रेड, नाहीतर गुळगुळीत स्पूलवर ब्रेडचा अख्खा गठ्ठाच फिरत राहतो. स्पूल काठापासून दोन-तीन मिलीमीटर रिकामा ठेवायचा. फेकून झालं की बेल हाताने बंद करायची, हँडल फिरवून नाही, निम्मे गुंते त्यानेच कमी होतात.

मुडदुशांना ८ किंवा १० नंबरचा गळ, कोळंबीचा नखाएवढा तुकडा, आणि वाळूवरून हळूहळू ओढत आणायचं. शिंगाळा लागला तर हाताने धरू नका, पाठीवरच्या आणि बाजूच्या काट्यांना विष असतं, पक्कड ठेवा. पवईला चिलापी (तिलापिया) गरवायला जायचं मनात असेल तर तिथे महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनची परवानगी लागते, असंच जाऊन बसायचं नाही, शिवाय तलावात मगरी आहेत.

घरी आल्यावर रील धुण्याबद्दल. ड्रॅगचा नॉब आधी पूर्ण घट्ट करायचा म्हणजे पाणी आत वॉशरपर्यंत जात नाही, मग नळाची बारीक धार फिरवायची, बादलीत बुडवायचं नाही आणि जोराचा फवारा मारायचा नाही कारण त्याने मीठ उलट आत ढकललं जातं. पुसून ड्रॅग परत सैल. रोलरला आणि हँडलच्या नॉबला तेलाचा एक थेंब. कितीही दमलेले असा, त्याच रात्री करा.

आणि हलका सेट घेतलात की दिवसही त्याला साजेसा निवडायला लागतो, हे दुकानात कोणी सांगत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मुंबईत पाणी पाच मीटरच्या जवळ चढतं, खाडीत ओढ एवढी असते की १० ग्रॅमचं शिसं तळाला टिकतच नाही, वाहत किनाऱ्याला येतं. भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा जा, सप्तमी ते दशमीच्या मधे, तेव्हा ओढ कमी असते. आपल्या कोळी लोकांचा हिशोब माहीत असेलच, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, नवमीला पावणेसात, सकाळी पण आणि संध्याकाळी पण. म्हणजे पाच-साडेपाचला चढत्या पाण्यात गळ टाकता येतो, मासा कडेला येतो तीच वेळ, आणि साडेसातला निघालात तर नऊची लोकलही मिळते.