घरातल्या टॅरंटुलाचे बाळंतपण

आमच्याकडची टॅरंटुला, म्हणजे मोठी केसाळ कोळीण, अफोनोपेल्मा चाल्कोडीस या जातीची आहे. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, फिनिक्स आणि टूसॉन या शहरांच्या भोवती पसरलेल्या सोनोरन वाळवंटात हा कोळी जमिनीत बीळ करून राहतो आणि अंगावरच्या फिकट सोनेरी केसांमुळे इथले लोक त्याला ‘ॲरिझोना ब्लाँड’ म्हणतात. मागच्या हिवाळ्याच्या तोंडावर आम्ही ही मादी एका दुकानातून आणली, तेव्हा ती पूर्ण वाढलेली होती आणि वाळवंटातून पकडून आणलेली होती. वसंतात तिने खाणे सोडले, नंतर बिळाचे तोंड जाड जाळ्याने बंद करून घेतले. कात टाकण्याआधी टॅरंटुला असेच वागतात, त्यामुळे घरात कोणाला त्याचे विशेष वाटले नाही. जूनच्या सुरुवातीला तिने जाळे उघडले, तेव्हा पांढऱ्या रेशमाचा, लहान लिंबाएवढा एक गोळा पोटाशी धरून ती बसलेली दिसली.

नराचा सहवास नसताना अंडी कशी, हा प्रश्न ऐकणाऱ्या प्रत्येकाने विचारला. टॅरंटुलाच्या मादीच्या शरीरात शुक्राणू साठवून ठेवणाऱ्या लहान पिशव्या असतात. या जातीचे नर उन्हाळ्याच्या उत्तरार्धात आणि पावसाळी दिवसांत बिळे सोडून माद्यांच्या शोधात फिरतात, आणि त्या वेळी मिळालेले शुक्राणू मादी हिवाळाभर सांभाळून पुढच्या उन्हाळ्यात अंडी घालते. मात्र कात टाकताना या पिशव्यांचे अस्तरही कातीबरोबर निघून जाते आणि साठाही जातो, त्यामुळे कात टाकलेल्या मादीला पुन्हा नर भेटावा लागतो. आमच्या मादीने आमच्याकडे आल्यापासून कात टाकलेली नव्हती, म्हणजे पकडली जाण्यापूर्वीच तिची गाठ एखाद्या नराशी पडलेली असणार. प्रौढ मादी वाळवंटातून आलेली असेल तर ही शक्यता गृहीत धरायला हवी, आणि दुकानांनी ती विकताना सांगायलाही हवी, असे माझे मत आहे.

अंड्यांची पिशवी मादीजवळ राहू द्यावी की काढून घ्यावी, यावर कोळी पाळणाऱ्यांत दोन तट आहेत. मादी ज्या निष्ठेने ती सांभाळते ते पाहिल्यावर माझा कल पहिल्या बाजूला झुकला. ती पिशवी पुढच्या आखूड पायांनी पुन्हा पुन्हा फिरवते, कारण एका जागी पडून राहिली तर अंडी आपल्याच भाराने खाली दबतात, एकमेकांना चिकटतात आणि सडू लागतात. ऊब आणि ओलावा पाहून ती पिशवीची जागाही बदलते. उलट बाजूचे म्हणणेही खोटे नाही. धक्का लागला, सतत झाकण उघडले गेले किंवा अंडी फलित नसली, तर हीच मादी पिशवी खाऊन टाकते. शेवटी आम्ही मधला मार्ग घेतला. साधारण महिनाभर पिशवी तिच्याजवळ राहू दिली आणि नंतर लांब चमच्याने, हातमोजे आणि चष्मा घालून काढून घेतली. हातमोजे चावण्याच्या भीतीपेक्षा केसांसाठी होते. अमेरिका खंडातले बहुतेक टॅरंटुला पोटावरचे बारीक काटेरी केस मागच्या पायांनी झाडतात, आणि ते डोळ्यांत गेले तर प्रकरण डॉक्टरांपर्यंत जाते.

पुण्याहून आईचा फोन आला, तेव्हा पिल्लांच्या संख्येपेक्षा तिला वेगळीच काळजी होती: “अगं, त्या बाळंतिणीला खायला काय घालतेस?” प्रश्न अगदी रास्त होता. पिशवी सांभाळण्याच्या काळात मादी जवळजवळ काहीच खात नाही, तिचे पोट आक्रसलेले असते आणि तिला अन्नाआधी पाण्याची गरज असते. उथळ भांड्यात पाणी ठेवले तर ती तोंड टेकवून बराच वेळ पिते. मोठे रातकिडे त्यानंतर द्यावेत.

पिशवी कात्रीने उघडली, तेव्हा आत अंडी नव्हती आणि कोळीही नव्हते. त्या दोहोंमधली अवस्था होती: मलईच्या रंगाचे गोल दाणे आणि त्यांना चिकटलेले आखूड, जवळजवळ निश्चल पाय. इथले लोक त्यांना ‘पाय फुटलेली अंडी’ म्हणतात आणि तेच सर्वांत नेमके वर्णन आहे. या अवस्थेत ती काही खात नाहीत, पोटातल्या बलकावरच जगतात. काचेच्या बरणीत ओल्या कागदावर जाळीचे कापड ताणून त्यावर त्यांना पसरले आणि बरणी पंचवीस ते सत्तावीस अंश तापमानात अंधारात ठेवली. रोजचे काम एवढेच, की काळवंडलेले किंवा फुटलेले दाणे मऊ ब्रशने उचलून टाकायचे, कारण एका सडक्या अंड्यावरची बुरशी पाहता पाहता शेजारच्या डझनभर अंड्यांवर पसरते. काही आठवड्यांनी त्यांनी कात टाकली, पाय लांब झाले, पोटावर गडद ठिपका दिसू लागला. आणखी एकदा कात टाकल्यावर ती खऱ्या अर्थाने कोळी झाली: चालणारी, धागा सोडणारी आणि भुकेली.

भूक लागली की भावंडांचा शेजार धोक्याचा ठरतो. बलक संपेपर्यंत पिल्ले एकमेकांच्या अंगावर शांतपणे पडून असतात. तो संपला की दुबळ्यांना बाकीची खातात. काही अनुभवी पाळणारे ही छाटणी मुद्दाम होऊ देतात. शेकडो पिल्लांपैकी वाळवंटात प्रौढ होणारी अगदी मोजकी असतात, मग घरात प्रत्येकाला वाचवण्याचा अट्टहास कशाला, असा त्यांचा युक्तिवाद असतो. मला तो क्रूर वाटत नाही, पण तेवढे धैर्य माझ्यात नव्हते. आम्ही जमतील तेवढी पिल्ले वेगळी केली आणि बाकीची इथल्या अनुभवी लोकांना देऊन टाकली. हॉटेलात चटणी-सॉस देतात तसले झाकणाचे छोटे प्लास्टिकचे कप, गरम सुईने पाडलेली भोके आणि अर्ध्यापर्यंत दाबून भरलेले कोकोपीट एवढ्यावर प्रत्येकाचे घर तयार होते.

वाळवंटातली जात म्हणून कप कोरडा ठेवावा असे कोणालाही वाटेल, पण प्रौढ कोळ्याला मानवणारा कोरडेपणा पिल्लाचा जीव घेतो. काही मिलिमीटरच्या त्या देहावरचे कवच पातळ असते, आकाराच्या मानाने पृष्ठभाग फार असतो आणि साठवलेले पाणी अगदी थोडे. बिळाच्या तळाशी जो ओलावा असतो, तोच वाळवंटातल्या पिल्लांना जगवतो. म्हणून कपाची एक बाजू ओली आणि दुसरी कोरडी ठेवावी. पिल्लू आपली जागा आपण निवडते. ओल्या बाजूला बुरशी येऊ नये म्हणून आम्ही स्प्रिंगटेल हे सूक्ष्म जीव सोडले. ते उष्टे-खरकटे आणि बुरशी खातात, पिल्लांच्या वाटेला जात नाहीत.

खाण्याच्या बाबतीत पिल्ले वाटली त्याहून समजूतदार निघाली. उडता न येणाऱ्या फळमाश्या मिळतात, त्या ती पकडतात. पण मेलेल्या रातकिड्याचा एखादा पाय किंवा मीलवर्म या अळीचा तुकडा जवळ ठेवला तर तोही रात्रीतून चोखून कोरडा करतात. जिवंत भक्ष्य कपात ठेवून विसरणे मात्र धोक्याचे, कारण कात टाकणाऱ्या मऊ पिल्लाला रातकिडाच कुरतडतो. पोट काळपट, तुकतुकीत दिसू लागले आणि बिळाचे तोंड बंद झाले की अन्न थांबवावे आणि फक्त ओलावा सांभाळावा. तरीही कधी एखादे पिल्लू कात अर्धवट टाकून मरते, कधी एखादे काही कारण न दाखवताच आक्रसते.

ही पिल्ले वाळवंटात का सोडली नाहीत, असे स्थानिक शेजाऱ्यांनी विचारले. मादी नेमकी कुठल्या भागातून आणली गेली हे दुकानाला ठाऊक नव्हते, आणि घरातल्या डब्यांतून येणारे परजीवी व रोग बाहेरच्या कोळ्यांना देण्याचा धोका कोणी पत्करू नये. शिवाय घरात जन्मलेले पिल्लू मिळाले तर घेणाऱ्याला रानातून पकडलेला कोळी लागत नाही. याची दुसरी बाजूही मला दिसते. आंध्र प्रदेशातल्या नंद्याळ आणि गिद्दलूरच्या दरम्यानच्या जंगलात राहणारा पोएसिलोथेरिया मेटॅलिका हा निळा टॅरंटुला आज युरोप-अमेरिकेत सहज विकत मिळतो. त्यांतले बहुतेक पाळीव माद्यांच्या पिल्लांमधून आलेले असतात, पण त्या साखळीच्या सुरुवातीचे कोळी भारतातल्या जंगलातूनच उचललेले होते, आणि तिथे ही जात अतिशय संकटात आहे. त्या संपूर्ण प्रजातिगणाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१९ मध्ये साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराचे निर्बंध आले.

आमची पिल्ले अजून नखाच्या आतल्या चंद्रकोरीएवढीही नाहीत. ही जात फार सावकाश वाढते. नर प्रौढ व्हायला आठ-दहा वर्षे लागतात आणि माद्या त्यानंतरही कित्येक वर्षे जगतात. नर कोणते आणि माद्या कोणत्या, हे टाकलेल्या कातीच्या आतल्या बाजूला शुक्राणूंच्या पिशव्या आहेत का ते भिंगाखाली पाहून कळते, पण त्यासाठी कात पुरेशी मोठी हवी. त्यामुळे ज्यांनी “मला मादीच दे” असे सांगून ठेवले आहे, त्यांना मी काही वर्षांनी फोन करायला सांगितले आहे.