ग्योर: व्हिएन्ना आणि बुडापेस्टच्या मध्ये अर्धा दिवस उतरा

व्हिएन्ना-बुडापेस्ट रेल्वेने जाणारे बहुतेक प्रवासी हंगेरीतलं ग्योर खिडकीतूनच पाहतात. इथे जरूर उतरा. बुडापेस्टच्या केलेती स्थानकापासून साधारण दीड तास, व्हिएन्नाहून सव्वा तास. ऑस्ट्रिया आणि हंगेरी दोन्ही शेंगेन या सामाईक व्हिसाच्या क्षेत्रात असल्याने वेगळा व्हिसा लागत नाही, पण चलन मात्र बदलतं. इथे फोरिंट चालतो, तेव्हा व्हिएन्नाहून येणाऱ्यांनी युरोच्या भरवशावर राहू नये.

स्थानकासमोरची नगरपालिकेची भव्य इमारत ओलांडली की बारोश गाबोर हा पादचारी रस्ता सरळ जुन्या गावात जातो. सेचेन्यी चौक उजव्या हाताला आहे, पण तो शेवटी ठेवा आणि आधी डावीकडे बेची कापू चौकात जा. इथे किल्ल्याचा बुरुज आणि बरोक (सतराव्या-अठराव्या शतकातल्या अलंकृत युरोपीय शैलीतलं) चर्च शेजारी शेजारी आहेत, त्यामुळे गावाचा इतिहास पटकन ध्यानात येतो. 1594 मध्ये ग्योर तुर्कांच्या हाती पडलं, 1598 मध्ये परत मिळालं. पुढे तुर्कांची भीती सरली, तसं या लष्करी ठाण्याला देखणं रूप येत गेलं. हे चर्च कार्मेलाइट या ख्रिस्ती संन्यासी पंथाचं, 1721 ते 1725 मधलं. बाहेरून ते साधं वाटेल, पण आतला सभामंडप लंबवर्तुळाकार आहे.

चालताना नजर वर ठेवा. घरांच्या कोपऱ्यांवर, पहिल्या मजल्याच्या उंचीला, रस्त्यावर पुढे आलेले बंदिस्त सज्जे दिसतील. ग्योरची खरी ओळख हीच. तटबंदीच्या आत जागा तोकडी, गल्ल्या अरुंद. कोपऱ्यावरच्या सज्जातून दोन्ही रस्ते एकदम दिसतात.

तिथून काप्तालान टेकडीवर चढा. चढ छोटा आहे, पण फरसबंदी ओबडधोबड असल्याने चाकांची बॅग ओढत नेऊ नका. कॅथेड्रलचा दर्शनी भाग एकोणिसाव्या शतकातला आहे. तो पाहून हिरमोड झाला तरी आत जाच. आतलं काम बरोक आहे, भित्तिचित्रं माउलबेर्च यांची. हेडरवारी कपेलमध्ये (चर्चमधल्या छोट्या प्रार्थनागृहात) हंगेरीचा राजा संत लास्लोच्या कवटीचा अवशेष चांदीच्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या अर्धपुतळ्यात जपला आहे. खांद्यांवरचं मीनाकाम जवळून बघा. अश्रू ढाळणाऱ्या मारियाचं (येशूच्या आईचं) चित्र एका आयरिश बिशपने इथे आणलं होतं. 17 मार्च 1697 रोजी त्यातून रक्ताचे थेंब आले, अशी श्रद्धा आहे.

टेकडी उतरल्यावर गुटेनबर्ग चौकात 1731 चं ‘कराराच्या कोशा’चं (बायबलमधल्या, दहा आज्ञा ठेवलेल्या पवित्र पेटीचं) शिल्प लागतं. पळून गेलेल्या शिपायाला पकडण्याच्या झटापटीत मिरवणुकीतलं पवित्र पात्र खाली पडलं, त्याचं प्रायश्चित्त म्हणून राजा तिसऱ्या कार्लने ते उभारलं.

शेवटी सेचेन्यी चौक. मधला मारियास्तंभ 1686 मध्ये बुडा (आजच्या बुडापेस्टचा एक भाग) तुर्कांकडून परत मिळाल्याच्या आनंदात उभारला. समोरचं संत इग्नेशियसचं चर्च मूळ जेझुइट पंथाचं, आता बेनेडिक्टाइन या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाकडे. छतावर पाउल ट्रोगरची 1744 आणि 1747 ची चित्रं आहेत आणि आमच्या मते गावातलं सर्वोत्तम काम हेच. उभ्याने पाहिलं की मान लगेच अवघडते, त्यामुळे बाकावर टेकून सावकाश पाहा.

हंगेरीत प्रार्थनेच्या वेळेखेरीज अनेक चर्चचं फक्त प्रवेशदालन उघडं असतं आणि आतला भाग जाळीतूनच बघावा लागतो. रविवारी सकाळी दारं उघडी मिळतील, पण मिस्सा (सामूहिक प्रार्थनाविधी) सुरू असताना फिरणं, फोटो काढणं टाळा. संग्रहालयंही पाहायची असतील तर सोमवार नको. त्या दिवशी ती बहुधा बंदच असतात.